शरदासाठीचं चिनी पाकीट: कोल्हापुरात कितपत उपयोगाचं?

चिनी वैद्यकातला शरद ऋतू सांभाळण्यासाठी म्हणून ऑनलाइन जे संच विकले जातात, त्यातला हा एक. डब्यात तीन वस्तू येतात: पांढऱ्या अळंबीच्या खिरीचं सुकं सामान, शेवंतीच्या फुलांचा चहा आणि पेरच्या पाकाची छोटी बरणी. किंमत सव्वासातशे रुपये, घरपोच. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण असेच डबे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या सर्वांना लागू पडतं. मत आधीच सांगून टाकतो: डब्यातली अळंबी पैसे मोजून घेण्यासारखी आहे, उरलेलं बरंचसं लक्ष्मीपुरीच्या बाजारात सुटं मिळतं, आणि सोबतच्या कागदावर छापलेले महिने कोल्हापुरात अजिबात चालत नाहीत.

महिन्यांपासूनच सुरुवात करू, कारण पहिली गफलत तिथेच होते. चिनी पंचांग वर्षाचे २४ भाग करतं आणि त्यात शरदाचा आरंभ, म्हणजे लीच्यू, ७-८ ऑगस्टला येतो. त्या दिवसांत कोल्हापूरकर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी विचारत असतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. घरात मिठाला पाणी सुटलेलं, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढलेली. आणि चिनी वैद्यकात शरदाचा मुख्य दोष कोणता, तर कोरडेपणा. ऋतूचं इंद्रिय फुप्फुस, रंग पांढरा. म्हणून आहारात पेर, पांढरी अळंबी, लिलीच्या कांद्याच्या पाकळ्या, कमळबिया अशी सगळी पांढरी मंडळी. उत्तर चीनमध्ये हे बरोबरच आहे. तिथे पावसाळी वारा मागे फिरला की सायबेरियाकडून कोरडी गार हवा उतरते, घसा आणि नाक सुकतं, कोरडा खोकला लागतो. ऑगस्टातल्या कोल्हापुरात मात्र कोरडेपणा घालवायला खीर खायची म्हणजे कमालच झाली.

आपल्या शरदाबद्दल आयुर्वेद वेगळंच सांगतो, आणि ते इथल्या हवेला जुळतं. पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हात उसळतं. म्हणून कडू औषधींत सिद्ध केलेलं तूप, वैद्याच्या देखरेखीखाली विरेचन (औषधाने जुलाब करवणं), जेवणात साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, खडीसाखर. टाळायचं ते दही, क्षार, तेलकट, दुपारची झोप आणि कडक ऊन. ऑक्टोबर हीटमध्ये शिवाजी पुतळ्यापासून महाद्वार रोडपर्यंत दुपारी चालून बघा, कारण आपोआप कळेल. दोन्ही शास्त्रं आपापल्या मुलखाच्या हवेबद्दल बोलतात, त्यात भांडण नाही. भांडण आहे ते संचासोबतच्या कागदाशी, जो तिकडचे महिने जसेच्या तसे इकडे छापतो.

मग डबा उघडायचा कधी? चिनी वैद्य शरदाचेही दोन भाग पाडतात: आधी उष्ण कोरडा, नंतर थंड कोरडा. आपला ऑक्टोबर पहिल्याच्या जवळ जातो, तेव्हा शेवंतीचा चहा चालेल. खरा कोरडेपणा इथे दिवाळीनंतर येतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, ऊसतोड सुरू झालेली असते, कुठेतरी पाचट पेटवलेलं असतं आणि रस्त्यावरची धूळ थेट घशात जाते. अळंबीची खीर आणि पेरचा पाक तेव्हासाठी राखून ठेवा. कोजागरीला आपलं केशर-जायफळाचं दूधच बरं. तिकडची शरद पौर्णिमा कधी महिनाभर आधी येते, कधी एकत्र; २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरलाच होत्या.

आता अळंबी. ट्रेमेला नावाची ही बुरशी, चिनीत यिनअर. सुकलेली असताना पिवळसर, कुरकुरीत, गुंतलेल्या फुलासारखा गड्डा दिसतो. डब्यात १५ ग्रॅम आहे, म्हणजे मध्यम आकाराचा एक गड्डा, आणि तेवढा चार-पाच वाट्यांना पुरतो. रंग नीट बघा. चांगली अळंबी फिकट पिवळी ते मलईच्या रंगाची असते आणि तिचा देठाकडचा भाग जरा गडद असतो. पांढरीशुभ्र दिसली तर आनंद मानू नका; ती गंधकाच्या धुरीने पांढरी केलेली असण्याची शक्यता मोठी. पाकीट फोडल्याफोडल्या नाकाला झिणझिण्या आल्या किंवा काडेपेटीची काडी ओढल्याचा वास आला तर परत पाठवा. गंधकाच्या धुरीतून राहणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या माणसाला धाप लावू शकतो, आणि फुप्फुसासाठी म्हणून घेतलेल्या वस्तूने धाप लागावी यासारखी थट्टा नाही. आमच्या डब्यातली अळंबी रंगाने आणि वासाने बरी निघाली. लिलीच्या पाकळ्यांना मात्र हलका आंबूस वास होता. त्या कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन, प्रत्येक वेळी पाणी फेकून मग वापरल्या.

भिजवणं हा या खिरीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि कागदावर त्याबद्दल एकच ओळ आहे: ‘रात्रभर भिजत घाला.’ हे करू नका. अळंबी साध्या गार पाण्यात एक ते दीड तासात पूर्ण फुलते, मूळ आकाराच्या कितीतरी पट होते. रात्रभर बाहेर ठेवली तर भिजवलेल्या अळंबीत एक विशिष्ट जिवाणू वाढू शकतो आणि तो बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. हे विष उकळून जात नाही. वासावरून, चवीवरून ओळखता येत नाही. यकृतावर थेट घाला घालतं आणि त्यावर उतारा नाही. चीनमध्ये भिजवून ठेवलेल्या पांढऱ्या आणि काळ्या अळंबीमुळे माणसं दगावलेली आहेत. २०२० मध्ये हेइलोंगज्यांग प्रांतात आंबवलेल्या मक्याच्या शेवयांतून याच विषाने एका कुटुंबातली नऊ माणसं गेली. उबदार हवेत धोका वाढतो, आणि आपल्या ऑक्टोबरच्या रात्री काही फार गार नसतात. म्हणून नियम असा ठेवा: दोन तासांच्या वर भिजवायचं नाही, मध्येच कुठे जावं लागलं तर भांडं फ्रीजमध्ये, पाणी बुळबुळीत झालं किंवा अळंबी हाताला चिकट लागली तर सगळं फेकून द्यायचं, धुऊन वापरायचं नाही.

गरम पाण्यात भिजवली तर वेळ वाचतो, पण वरचे पदर मऊ होऊन आतला गाभा कोरडाच राहतो, आणि शिजल्यावर खीर पाणचट होते. फुलल्यावर उलटी करून बुडाचा पिवळा टणक भाग कात्रीने कापून टाका. तो कितीही शिजवला तरी दाताखाली करकरतो. उरलेली अळंबी हाताने नखाएवढी बारीक तोडा. इथे आळस केला की पुढे दोन तास शिजवूनही दाटपणा येत नाही, कारण चिकट रस कापलेल्या कडांतून सुटतो. तुकडे जितके लहान, तितका रस जास्त.

पातेल्यात शिजवायचं तर दीड लिटर पाणी, आधी उकळी, मग मंद आच, झाकण अर्धवट, दीड ते दोन तास. घरोघरी कुकर असतोच, त्यात काम लवकर होतं: पाच लिटरच्या कुकरमध्ये सव्वा लिटर पाणी, मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग गॅस बारीक करून २५ ते ३० मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. हा रस फेसाळतो, शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो आणि मग वाफ निघत नाही. झाकण उघडण्याआधी प्रेशर आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ सोडली तर चिकट फवारा ओट्यावर येतो. संपल्यावर नळीतून सुई किंवा तार फिरवून गरम पाणी ओता.

बाकीचं सामान क्रमाने घालायचं असतं. कागदावर सगळं एकदम टाकायला सांगितलंय, त्याने खीर बिघडते. कमळबिया आणि लाल बोरं अळंबीबरोबरच जातात. कमळबिया आधी दुभंगून आतला हिरवा कोंब काढा. डब्यातल्या काही बियांत तो तसाच होता आणि एक कोंबही सगळी वाटी कडू करतो. भिजवलेल्या लिलीच्या पाकळ्या आणि पेरच्या फोडी कुकर उघडल्यावर, पुन्हा २० मिनिटं साध्या झाकणाखाली. खडीसाखर त्यानंतर. साखर आधी घातली तर अळंबी दाट व्हायला नाटकं करते. गोजी बेऱ्या (सुकी लाल चिनी फळं) अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. जास्त उकळल्या तर फुटतात, खीर तांबूस आणि आंबटसर होते. झालेली खीर पळीवरून तुटक न पडता सलग ओघळावी, आणि अळंबी शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखी जिभेवर सरकावी. करकरली तर अजून शिजू द्या. कोमट खायची. चिनी वैद्यकात ही गार वस्तूंतली खीर असली तरी फ्रीजमधून काढून थंडगार खाणं त्यांनाही मान्य नाही.

डब्यातल्या ६० ग्रॅम खडीसाखरेची गरज नाही; आपल्याकडची दोऱ्याची खडीसाखर ४० ग्रॅम पुरते. गूळ घालण्याचा मोह कोल्हापुरात साहजिक आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ शाहूपुरीत असताना परदेशी साखर कशाला, असं वाटणारच. पण चिनी वैद्यक गुळासारख्या तपकिरी साखरेला उष्ण मानतं, म्हणजे खिरीचा हेतूच उलटा होतो; शिवाय गुळाची चव इतकी पुढे येते की बाकी काही लागतच नाही. गूळ बाजरीच्या भाकरीबरोबर ठेवा.

पेर कुठली घ्यायची हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण डब्यात पेर नसते, ती तुम्ही आणायची असते. चिनी पाककृतीतली पेर कुरकुरीत, रसाळ आणि कमी गोड असते. आपल्या बाजारात तिच्या सगळ्यात जवळची म्हणजे पंजाबातून येणारी टणक पत्थरनाख. आशियाई जातीचीच आहे. पण ती जुलै-ऑगस्टात येते. दिवाळीनंतर कपिलतीर्थ मंडईत काश्मिरी मऊ पेर किंवा शीतगृहातला माल मिळतो. मऊ पेर २० मिनिटांत विरघळते, म्हणून ती शेवटची आठ-दहा मिनिटंच शिजवा आणि साल काढू नका, सालीमुळे फोड टिकते. बब्बूगोशा ही मऊ जातीची पेर नुसतीच खाऊन टाका, खिरीत घालू नका.

आता कशाऐवजी काय चालतं. लाल बोरांऐवजी आपली सुकी बोरं चालतात. वनस्पती एकाच कुळातली, आपली जरा तुरट. खारीक घातली तर चव वेगळ्याच दिशेला जाते. कमळबियांऐवजी मखाणा नको. तो कमळाचा नसतोच, वेगळ्या पाणवनस्पतीच्या बियांच्या लाह्या असतात आणि रसात पडल्या की लगदा होतो. गंमत म्हणजे त्याच वनस्पतीची न फोडलेली बी चिनी वैद्यकात औषध म्हणून वापरतात, पण ती आपल्याकडच्या दुकानात सहसा नसते. अळंबीऐवजी चायना ग्रास हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो समुद्री शेवाळाचा गोठणारा पदार्थ आहे, कोमट असताना पाण्यासारखा आणि गार झाल्यावर वडीसारखा. अळंबीला इथे पर्याय नाही. त्यासाठीच डबा किंवा सुटं पाकीट मागवावं लागतं.

लिलीच्या पाकळ्यांबाबत एक गोष्ट ठळक सांगायला हवी. खिरीत वापरतात ती ठरावीक खाद्य जातींच्या लिलीच्या कांद्याची पाकळी. नर्सरीतल्या शोभेच्या लिलीचा कांदा हा तिचा पर्याय नव्हे. आणि राधानगरी, पन्हाळ्याकडच्या कुंपणांवर पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांची जी कळलावी चढते, तिलाही इंग्रजीत लिलीच म्हणतात; तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं आणि त्याने माणूस मरतो. नाव वाचून ‘आपल्याकडेही मिळते की’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. पाकळ्या नसल्या तर न घालता खीर करा, फारसा फरक पडत नाही.

शेवंतीचा चहा ठीकठाक आहे. फुलं आख्खी, पाकळ्या फिकट, देठ कमी. पाच-सहा फुलं, २५० मिली पाणी, उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं, झाकून चार मिनिटं. त्याच फुलांवर आणखी दोनदा पाणी चालतं. खळखळत्या पाण्यात तसंच ठेवलं तर कडवट होतो. नवरात्रात जोतिबा रोडवर शेवंतीचे ढीग लागतात आणि वनस्पती एकच आहे, तरी ती फुलं चहाला वापरू नका. हारासाठी पिकवलेल्या फुलांवर फवारे मारलेले असतात आणि खाण्याच्या दृष्टीने त्यांची तपासणी कुणी करत नाही. गाजरगवताने अंगावर चट्टे उठणाऱ्यांनी हा चहा टाळावाच. शेवंती आणि गाजरगवत एकाच कुळातले, आणि एकाची अॅलर्जी असली तर दुसऱ्यानेही त्रास होऊ शकतो.

काही संचांच्या चहात ज्येष्ठमधाचे काप असतात. घशाला बरं वाटतं म्हणून आपल्याकडेही ते चघळतात, पण रोज बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी चालू असेल तर तो तुकडा काढून टाका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी गोजी बेऱ्या खिरीतून आणि चहातूनही वगळाव्यात, त्यांच्यामुळे औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत.

पेरच्या पाकाची बरणी डब्यातली सगळ्यात कमकुवत वस्तू. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोज सिरपचं, पेर तिसऱ्या क्रमांकावर. म्हणजे साखरेच्या पाकाला पेरचा वास. घरी करणं अवघड नाही. दोन किलो टणक पेर सालीसकट किसा, २० ग्रॅम आलं, दहा-बारा सुकी बोरं आणि १५० ग्रॅम खडीसाखर घालून ४० मिनिटं शिजवा. पाणी घालायचं नाही, पेरलाच पुरेसं सुटतं. कापडातून घट्ट पिळून रस मंद आचेवर दीड तास आटवा. शेवटची २० मिनिटं भांड्यापाशीच उभं राहावं लागतं, कारण तेव्हाच बूड लागतं आणि लागलं की सगळ्या पाकाला करपट वास. थेंब बशीत टाकल्यावर पसरला नाही की झाला. साधारण ४०० ग्रॅम भरतो. हाताला सोसवेल इतका निवल्यावर मध घाला, कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये तीन आठवडे. मोठा चमचाभर कोमट पाण्यातून. अशा २० ग्रॅमच्या चमच्यात १४-१५ ग्रॅम साखर असते, तेव्हा मधुमेहींसाठी नाही. मध असल्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळालाही नाही.

संचाबरोबर एक कागद ‘खोकल्यासाठी पारंपरिक चूर्ण’ वेगळं मागवायला सुचवतो. घटक न लिहिलेलं कुठलंही सुटं चूर्ण घेऊ नका. जुन्या चिनी खोकल्याच्या औषधांत मादोउलिंग नावाचं फळ असायचं, आपल्या ईश्वरी या वेलीच्या कुळातलं. त्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोग घडवतं. चीनने २०२० च्या अधिकृत औषधसंहितेतून ते काढून टाकलं. तसेच कडू जर्दाळूचे गर सांगितले असतील तर ते नकोत, आणि त्याऐवजी कडू बदामही नकोत. दोन्हींतून पोटात सायनाइड तयार होतं.

खिरीने प्रतिकारशक्ती वाढते वगैरे छापलेल्या मजकुराकडे आम्ही दुर्लक्ष केलं. कोमट, पातळ, तंतुमय आणि घशाला ओलावा देणारा पदार्थ म्हणून ती चांगली आहे, एवढंच. पावसानंतरच्या दिवसांत कोल्हापुरात डेंग्यूचे रुग्ण असतात. अंगात ताप असेल तर खीर आणि चहा बाजूला, रक्त तपासा आणि तोवर ब्रुफेन-अॅस्पिरिन घेऊ नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर क्षयासाठीची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

मागवायचंच असेल तर पूर्ण संच न घेता अळंबीचं सुटं पाकीट मागवा. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि वापरण्याची मुदत हवी. नुसती चिनी अक्षरं असलेलं, भारतीय लेबल न चिकटवलेलं पाकीट दारात आलं तर तसंच परत द्या. आणि पावसाळ्यात मागवू नका. अळंबी हवेतली ओल पटकन शोषते; आलीच तर फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब.